युनूसच्या डाव्या बाजूला

युनूस,

क्लबच्या चिटणीसांचा फोन आला होता. यंदाच्या रॅलीच्या स्मरणिकेत तुझ्यावर दोनशे शब्द हवेत म्हणाले. जन्म, शिक्षण, गॅरेज कधी काढलं, बक्षिसं कोणकोणती, आणि शेवटी आत्म्यास शांती. मी हो म्हणालो आणि कागद घेऊन बसलो. तर तुझी खरी जन्मतारीख तुलाच माहीत नव्हती. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी आपल्या दोघांनाही एक जूनच ठोकून दिली होती. शिक्षण सातवी, तेही माझ्या वहीवरून. बक्षीस एकही नाही. म्हणजे दोनशे शब्दसुद्धा भरेनात. आणि जे सांगायला हवं ते दोन हजारांत तरी बसेल की नाही, कुणास ठाऊक. म्हणून तुलाच लिहितोय. छापायचं असेल तर त्यांनी हेच छापावं.

तू जाऊन आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी तीनदा तुझ्या गॅरेजवर गेलो आणि तिन्ही वेळा शटरपासूनच परत फिरलो. चौथ्यांदा आत गेलो, ते पुढे येईल. सगळं क्रमानं सांगायची माझी खोड तुला माहीत आहे. 'मास्तर, गाडी कुठं पोचली ते सांग, कुठून निघाली ते नको,' म्हणायचास. यावेळी तेवढं ऐकून घे.

जुन्या गाड्यांची रॅली म्हटलं की लोकांना शर्यत वाटते. माझ्या बायकोलाही पहिली तीन वर्षं तसंच वाटायचं. मी निघालो की ती देवापुढे दिवा लावायची. मग एकदा तिनं सावेडीच्या मैदानावर तुझी ती बिस्किटी रंगाची म्हातारी गाडी पाहिली, तिच्या शेजारून एक सायकलवाला पुढे गेलेला पाहिला, आणि दिवा लावणं बंद केलं. आपल्या रॅलीत कुणाला मागे टाकायचंच नसतं. या टप्प्यात ताशी चौतीसची सरासरी ठेवा, पुढच्या टप्प्यात अठ्ठावीसची, असं लिहून दिलेलं असतं. वाटेत कुठेतरी झेंडा लावून तपासनीस बसलेला असतो. त्याच्यापाशी ठरल्या सेकंदाला पोचायचं. उशीर झाला तर सेकंदाला एक गुण दंड आणि लवकर पोचलं तर दोन. पुढे पळणाऱ्याला जास्त शिक्षा, हे मला फार पटायचं. तू म्हणायचास, हा खेळ एखाद्या मास्तरानंच काढला असणार.

तू ड्रायव्हर, मी तुझ्या डावीकडे. माझ्या मांडीवर रस्त्याची वही, गळ्यात स्टॉपवॉच, आणि माझ्या ताब्यात ते जाड कागदाचं टाइम कार्ड. प्रत्येक झेंड्यापाशी त्या कार्डावर वेळेचा शिक्का मारून घ्यायचा आणि शेवटी ते जमा करायचं. गाडी कितीही चांगली चालवा, कार्ड नाही तर तुम्ही त्या दिवशी रस्त्यावर नव्हताच. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवताना मी पोरांना हेच सांगितलं होतं की उत्तर बरोबर असून भागत नाही, पेपर जमा करावा लागतो.

म्हातारी तुला श्रीरामपूरकडच्या एका डॉक्टरांच्या गोदामात सापडली होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. डॉक्टरांची सून म्हणाली, घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल. तीन वर्षं तू तिच्यात डोकं घालून बसलास. माझं काम बॅटरी धरायचं, आणि ते मी तुझ्या मते कायम चुकीच्या जागी करायचो. ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी तू बॉनेटखालून डोकं बाहेर काढलंस. हात पुसलेस, माझ्याकडे बघितलंस आणि चहा सांगायला गेलास. माझ्या मुलीच्या लग्नातही मला इतकं भरून आलं नव्हतं. हे तुला तेव्हा सांगितलं असतं तर तू वर्षभर चिडवलं असतंस, म्हणून गप्प बसलो. गप्प बसायची सवय मला तशी जुनीच.

पहिल्या रॅलीची गोष्ट मी सगळ्यांना सांगत आलोय, तुझ्यादेखत आणि तुझ्यामागे. राहुरीच्या अलीकडे मी ओरडलो, 'डावीकडे.' तू शांतपणे उजवीकडे वळलास. मी आणखी जोरात ओरडलो, तू आणखी आत गेलास, आणि म्हातारी जाऊन उभी राहिली ती ओल्या वाफ्यात. एक शेतकरी बांधावरून आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि अगदी समजुतीनं म्हणाला, "पाव्हणं, रस्ता तिकडं हाय. हितं कालच कांद्याची लागण झाली हाय." त्याच्याच बैलांनी आपल्याला बाहेर ओढलं.

तुझा डावा कान गेलेला आहे हे मला चाळीस वर्षं माहीत होतं. एकोणिसाव्या वर्षी उस्तादाच्या गॅरेजमध्ये ट्रकचं टायर तुझ्या कानाशी फुटलं, तेव्हा तुला दवाखान्यात मीच घेऊन गेलो होतो. माहीत असूनही मी त्या बाजूला बसून ओरडत होतो. गाडीत माझी जागा डावीकडेच, त्याला इलाज नव्हता. मग त्या कांद्याच्या वाफ्यात उभं राहून आपण खुणा ठरवल्या. तुझ्या डाव्या गुडघ्यावर एक टिचकी म्हणजे डावीकडे. दोन म्हणजे उजवीकडे. तळवा टेकवला की सावकाश. चिमटा काढला की वेग वाढव. आणि मूठ ठेवली की थांब. एवढ्या पाच खुणांवर आपण नऊ रॅल्या केल्या. म्हातारीच्या आवाजात दुसरं काही ऐकू आलंही नसतं. बाकीच्या गाड्यांतले नवरे-बायको, बाप-लेक दिवसभर एकमेकांवर ओरडून घसे बसवून घ्यायचे, आणि आपण मुकाट्यानं यायचो. लोकांना वाटायचं, काय समजूतदार जोडी आहे. भांडायची सोयच नव्हती, हे कुणाला ठाऊक.

भांडण व्हायचं ते गाडी थांबल्यावर. सरासरीवरून आपण नऊ वर्षं भांडलो आणि ते अर्धंच राहिलं. माझं म्हणणं, मैलाच्या दगडाला घड्याळ लावा आणि दर किलोमीटरला हिशेब बघा. तुझं म्हणणं, दगडच वाकडे रोवलेत तर हिशेब काय कामाचा. तू इंजिनाचा आवाज उजव्या कानानं ऐकून सांगायचास, तेहतीस चाललीय, आणि ती तेहतीसच निघायची. एकदा चिडून मी म्हणालो, मग मला घेतोस कशाला बरोबर? तू म्हणालास, "रस्ता मला समजतो मास्तर, पन टाइम तुझ्याकडं हाय." मी ते वाक्य बायकोला सांगितलं, मुलीला सांगितलं. माझ्या निरोप समारंभात कुणी माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं नव्हतं.

आता मागच्या वर्षीची रॅली. ती टाळून इथपर्यंत आलो, पण पुढचा झेंडा तोच आहे.

त्या दिवशी आपण कधी नव्हे इतके बरोबर होतो. राहुरीला शून्य दंड. श्रीरामपूरला शून्य. नेवाशाच्या रस्त्यावर उसाचे जोड-ट्रॉलीवाले ट्रॅक्टर एकामागे एक होते, तिथे सगळ्यांचे हिशेब कोलमडले. आपण गेलो ते तुझ्या कानावर, आणि तिथेही शून्य. सोनईलाही शून्य. चार शिक्के आणि चारही बिनदंडाचे. शनिशिंगणापूरला अर्ध्या तासाचा थांबा होता. गाड्या लागल्या तिथे चालक आपसात बोलत होते की म्हातारीचा नंबर आज नक्की. आनंद चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी वर बघत नव्हतो. तू मात्र बॉनेट उघडून रेडिएटरला वारा दाखवलास, चारही काचा खाली सोडल्यास आणि निघालास चहाला. कार्ड डॅशबोर्डवर तसंच होतं. मी म्हणालो, काचा तरी लाव. तू हसलास. "शिंगणापुरात कोन हात लावतंय मास्तर? हितं लोकांच्या घरांना दारं न्हाईत."

चहा झाला. तू तेल आणि रुईच्या माळा विकणाऱ्या एका बाईशी गप्पा मारत उभा राहिलास. तिच्या टेम्पोचा क्लच घसरत होता. परत येऊन बघतो तर डॅशवर कार्ड नाही.

आपण सीट काढली. पायपुसणी झटकली. मी रस्त्याची वही पानापानानं झाडली. तू गाडीखाली आडवा झालास, मग गटाराच्या कडेनं वाकून चालत गेलास, वाऱ्यानं उडालेला प्रत्येक कागद उलटून बघत. भाविक बिचारे थांबून तुला मदत करत होते. वेळ संपत आला तेव्हा मी तुझ्या उजव्या बाजूला आलो, मुद्दाम उजव्या, तुला नीट ऐकू जावं म्हणून, आणि म्हणालो, "काचा तू उघड्या ठेवल्यास."

एवढंच बोललो मी. तू खिशातून फडकं काढून हात पुसत राहिलास. मग म्हणालास, "व्हय. माझ्यानंच झालं."

घोडेगावहून इमामपूरच्या घाटापर्यंत मी तुझ्या गुडघ्याला हात लावला नाही. गरजही नव्हती, आपण रॅलीत नव्हतोच. संध्याकाळी बक्षीस समारंभात तू स्वतःच सगळ्यांना सांगत फिरलास की कार्ड मी घालवलं, मास्तरची काही चूक नाही. लोक हसले. पुढे वर्षभर गॅरेजवर येणारा प्रत्येक जण विचारायचा, काय युनूसभाई, काचा लावल्या का? तूही हसायचास. मी बाजूलाच स्टुलावर बसलेला असायचो.

आणि आता ऐक.

चैत्रात मी भाचीच्या लग्नाला श्रीरामपूरला चाललो होतो. एसटीत खिडकीतून ऊन येत होतं म्हणून गॉगलचं घर उघडलं. तो गॉगल मी वर्षातून एकदा, रॅलीलाच वापरतो. गॉगलखाली, पुसायच्या कापडाखाली, चार घड्या घातलेलं कार्ड होतं. चार शिक्के आणि चारही बिनदंडाचे.

मग सगळं आठवलं. तू चहाकडे वळलास आणि मी मागे राहिलो. वारा सुटला होता. तुझा शिंगणापुरावर विश्वास होता, माझा नव्हता. माझा कशावरच नसतो. मी खिडकीतून हात घालून कार्ड उचललं, घडी घातली, कुठे ठेवावं म्हणून विचार केला आणि कुणालाही सापडणार नाही अशा जागी ठेवलं. जपून ठेवलेलं वेळेला सापडत नाही, असं माझी आई म्हणायची. पण वस्तू विसरली तर विसरली. ती जपून ठेवल्याचंच मी साफ विसरलो, आणि वर तुला बोललो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

राहुरीला उतरून मागे फिरावं, थेट गॅरेजवर जावं आणि तुझ्यासमोर कार्ड टाकावं, असं मनात आलं. तू काय केलं असतंस? हसला असतास. म्हणाला असतास, मास्तर, आता वर्षभर तुझी पाळी. एवढीच शिक्षा होती. तेवढीही मला सोसवेना. लग्न आटपून येऊ मग सांगू, असं म्हणालो. मग म्हटलं रविवारी. मग तुला ताप होता. मग रमजान चालू होता, रोज्याच्या माणसाला कशाला. मग ईदच्या दिवशी शीरखुर्मा खाताना कसं काढायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला सांगत गेलो आणि मूठ झाकून बसलो.

ते एक वेळ चाललं असतं. पण पावसाळ्यात एके दिवशी आलो तर तू पितळेच्या पत्र्यावर ठोकत बसला होतास. छोटी चपटी डबी, टाइम कार्ड बरोबर बसेल एवढी, वर खिटी. डॅशखाली माझ्या बाजूला तू ती चार स्क्रूंनी बसवलीस. तीनदा उघडून मिटून दाखवलीस. म्हणालास, आता माझ्यासारख्या येड्याच्या हातून जायचं न्हाई. आणि म्हातारीच्या दारांना तू कुलपं बसवलीस. तू, ज्यानं जन्मात गॅरेजच्या टूलबॉक्सला कुलूप लावलं नाही.

मी म्हणालो, छान झालीय. कार्ड तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होतं. त्या दिवशी सांगायचंच म्हणून आणलं होतं.

मग तुझ्या फुप्फुसात पाणी झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले आठवडाभरात घरी जातील. मी रोज येत होतो. चौथ्या दिवशी संध्याकाळी तुझा इम्रान औषधं आणायला खाली गेला आणि खोलीत आपण दोघंच राहिलो. तुझ्या तोंडावर मास्क, डोळे अर्धे मिटलेले, वर छताकडे. उजवीकडे ऑक्सिजनचं नळकांडं आणि सलाईनचा स्टँड. मी स्टूल ओढलं आणि डावीकडे बसलो. तुझ्या शेजारी बसायचं म्हणजे डावीकडे, यात विचार करण्यासारखं काय होतं?

मी सगळं सांगितलं. न थांबता, अगदी क्रमानं. गॉगलचं घर, कापड, चार घड्या, श्रीरामपूरची एसटी. ईदचा शीरखुर्मा. पितळेची डबी. युनूस, माझ्यानं झालं, तुझ्यानं नाही, हे मी तुझ्या कानाशी वाकून तीनदा म्हणालो. रडलो. शेवटी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तू मान किंचित माझ्याकडे वळवलीस आणि मास्कच्या आत हसलास. तुझं हसू डोळ्यांत येतं, ते मी ओळखतो.

इम्रान आला, मी निघालो. किती हलकं वाटत होतं म्हणून सांगू. दवाखान्याच्या फाटकाशी उभं राहून मी दोन वडापाव खाल्ले. स्कूटर काढली. प्रेमदान चौकात सिग्नलला उभा होतो, आणि माझ्या डावीकडे एक रिक्षावाला ज्या जोरानं हॉर्न वाजवत होता, त्यानं मी दचकलो. मनात आलं, युनूसला या बाजूचं ऐकू आलं नसतं, सुटला असता.

तिथेच कळलं.

सिग्नल सुटला, मागचे शिव्या घालायला लागले, तरी मी उभाच. मग स्कूटर वळवली. फाटकावरच्या माणसानं अडवलं. मी म्हणालो, दोनच मिनिटं, फक्त दुसऱ्या बाजूला बसायचंय. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि वयाचा मान ठेवून म्हणाला, "टाइम संपला बाबा. सकाळी या." त्याचंही बरोबर होतं. सात वाजून चार मिनिटं झाली होती. तो दंड कुठल्याच कार्डावर लिहिता येणारा नव्हता. इम्रानला फोन लावावा म्हटलं. पण त्याला काय सांगणार होतो? बापाच्या उजव्या कानाशी फोन धर म्हणून?

सकाळी सहालाच मी आवरून बसलो होतो. पायात चपला घालताना फोन आला.

तू हसलास ते कशाला, हे मी अकरा दिवस स्वतःला विचारतोय. मास्तर आलाय, गुडघ्यावर हात ठेवलाय, एवढ्यालाच असेल. तळवा टेकवला म्हणजे सावकाश. तुला वाटलं असेल, मी म्हणतोय सावकाश, घाई नको. मी काय सांगतोय याचा तुला पत्ताच नव्हता. माझ्या तोंडची वाफ तेवढी तुझ्या कानाला लागली असेल.

कब्रस्तानात मी मागे उभा होतो. माती द्यायला पुढे बोलावलं तेव्हा खाली बघितलं. तुला उजव्या कुशीवर, तोंड पश्चिमेकडे करून ठेवलं होतं. सगळ्यांनाच तसं ठेवतात, हे मला माहीत होतं. पण मला एवढंच दिसलं की तुझा चांगला कान मातीला टेकलाय आणि वर आहे तो बंद कान. मी तीन मुठी माती टाकली. आता तिथे येऊन बोलायचीही सोय राहिली नाही. हे वरातीमागून घोडं कागदावर चाललंय ते म्हणूनच.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी तुझ्या घरी शमीमभाभींना भेटायला गेलो. त्यांना सांगायचं ठरवून गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या की आजारपणात तुझ्या मनाला एकच गोष्ट लागून होती. मास्तरची नऊ वर्षांची मेहनत मी एका काचेपायी घालवली, यंदा त्याचं भरून देतो, असं तू म्हणायचास. माझी मान खाली गेली ती वर येईना. त्यांना वाटलं, मला दुःख अनावर झालंय. त्यांनीच मला पाणी दिलं. त्या घरातलं पाणी पिऊन मी गप्प परत आलो. तू मला माफ केलं नाहीस, युनूस. मला माफ करण्यासारखं काही घडलंय, हे तुला कळलंच नाही. मग ते मागायचं तरी कुणाकडे?

परवा चौथ्यांदा गॅरेजवर गेलो आणि इम्राननं पाहिलं, म्हणून आत जावं लागलं. त्यानं म्हातारी बाहेर काढली होती. रॅलीत तुझं आणि माझं नाव तू आधीच देऊन ठेवलं होतंस. इम्रान म्हणाला, अब्बांच्या जागी मी बसतो काका, पण तुम्ही पायजे. घाटापर्यंत एक फेरी मारून बघू म्हणाला. तुझा मुलगा तुझ्यासारखाच बसतो, एक खांदा दाराला टेकवून. मी माझ्या जागी बसलो. समोर पितळेची डबी. कुणीतरी ती घासून लख्ख केली होती.

नगर सोडलं. जेऊरच्या पुढे एका फाट्यावर डावीकडे वळायचं होतं. माझा हात आपोआप त्याच्या गुडघ्यावर गेला आणि मी टिचकी मारली. तो सरळच गेला. मी पुन्हा टिचकी मारली. तो जरा पुढे जाऊन हळू झाला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "काका, तोंडानं सांगा ना. मला ऐकू येतंय."

नऊ वर्षांत त्या सीटवर मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी शर्टाच्या खिशात हात घातला, कार्ड काढलं, चारी घड्या उलगडल्या आणि डॅशवर त्याच्यासमोर धरलं. मग तोंडानं सांगितलं. तुला सांगितलं होतं तसंच, सगळं. म्हातारीच्या आवाजावर आवाज चढवून. तो रस्त्याकडे बघत चालवत होता. घाट चढून वर आलो. एक उसाचा ट्रॅक्टर समोरून आला, त्याला वाट दिली, गाडी परत रस्त्यावर घेतली.

मग म्हणाला, "हे अब्बांना सांगायला पायजे हुतं, काका."

"सांगितलं," मी म्हणालो. "पण डाव्या बाजूनं."

तुझा मुलगा आहे, त्याला कळलं. पुढच्या वळणावर त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसला. थांब म्हणायला मी त्याच्या गुडघ्यावर मूठ ठेवली नव्हती.